कंपायलरबाईंचा राजीनामा

आमच्या कंपनीत त्यांना सगळे कंपायलरबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. मी सात वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. माझं काम चाचणीचं, म्हणजे त्यांनी लिहिलेल्यात खोट काढायचं. त्यामुळे त्यांचा राग आणि लोभ दोन्ही माझ्या वाट्याला पुरेपूर आले.

आमची कंपनी रक्तपेढ्यांच्या नोंदींचा डेटाबेस सांभाळते. कुठल्या गटाच्या किती पिशव्या, कुठे आहेत, कधीपर्यंत चालतील. या नोंदींना विचारलेला प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवता येतो. एकेक नोंद घ्यायची आणि दर वेळी प्रश्न पहिल्यापासून वाचत जायचं. यात सुरुवात लगेच होते, पण नोंदी लाखांनी असल्या की जीव मेटाकुटीला येतो. नाहीतर आधी अख्खा प्रश्न कंपायलरकडून यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यायचा; उतरवण्यात वेळ जातो, मग मात्र काम झरझर होतं. कोणता प्रश्न कोणत्या वाटेने न्यायचा, हे ठरवणारा भाग बाईंनी एकटीने लिहिला होता. "एक कप चहासाठी भट्टी पेटवायची नसते," असं त्या नव्या माणसांना सांगायच्या.

तो भाग दुसऱ्या कुणाला धड कळत नव्हता, आणि तिथेच बाई अडकल्या.

त्यांची आई दूरच्या गावी धाकट्या भावाकडे राहायची. तिला विसर पडायला लागला होता. बाईंनी तिथल्या कॉलेजात शिकवायची नोकरी ठरवली आणि राजीनामा दिला. साहेब म्हणाले, "जा की, अडवतंय कोण? फक्त कुणाला तरी तयार करून जा."

आठ महिने खपून बाईंनी एकाला तयार केलं. असलं काम येणारा माणूस म्हटल्यावर त्याला दुसऱ्या कंपनीने उचललं. मग एका मुलीला शिकवलं. तीही वर्षाच्या आत गेली. कॉलेजवाल्यांनी दोनदा वाट पाहिली, तिसऱ्यांदा नाही.

"मला शिकवता चांगलं येतं, हाच माझा गुन्हा," बाई मला म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मग त्या दहा दिवसांची रजा घेऊन आईकडे गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एका रुग्णालयाने दुर्मिळ गटाचं रक्त शोधायला घेतलं. बाळंतपणात एक बाई अत्यवस्थ होती. आमचा शोध सुरू झाला आणि संपेचना. त्याच आठवड्यात बारा नव्या पेढ्यांच्या नोंदी आल्या होत्या, पण सिस्टीमने जुन्या आकड्यांवर भरवसा ठेवून प्रश्न छोटा धरला आणि एकेक नोंद वाचायची वाट पकडली. एकदा धरलेली वाट मध्येच सोडायची सोयच नव्हती. शेवटी रुग्णालयातल्या लोकांनी पेढ्यांना एकेक फोन लावून पिशवी मिळवली. चाळीस मिनिटं गेली. ती बाई वाचली.

बाईंना फोन मीच केला.

"आईची नखं कापतेय," त्या म्हणाल्या. "बोल."

मी सांगितलं.

"ती वाचली ना?"

"वाचली."

"ठीक आहे. लॅपटॉप आणलाय मी."

उरलेली रजा त्या आईच्या खोलीत खिडकीशी बसून काम करत होत्या. आईने दुसऱ्या दिवशी मुलाला विचारलं, "या बाई कामाला ठेवल्यात का रे? बिचाऱ्या उठतच नाहीत. त्यांना काहीतरी खायला दे."

हे बाईंनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगून झाल्यावर चष्मा पुसत बसल्या.

नवा भाग असा झाला: शोध लगेच सुरू करायचा, पण चालता चालता किती काम उरलंय ते मोजत राहायचं. पुष्कळ उरलंय असं दिसलं, तर वाचन चालू ठेवून बाजूला प्रश्न यंत्राच्या भाषेत उतरवायला घ्यायचा; तो तयार झाला की झालेलं काम न गमावता तिथूनच वाट बदलायची. मी तीन आठवडे त्याला छळलं. सहा सेकंदांच्या वर एकही शोध गेला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मात्र तो भाग पहिल्यापेक्षा दुप्पट अवघड झाला होता.

टाळ्या थांबल्यावर बाई मला बरोबर घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. "हा भाग काढून टाकू या. साधं, सावकाश चालणारं ठेवू. चार जणांना कळेल, मी मोकळी होईन."

"सावकाश म्हणजे किती?"

"सहाच्या जागी पन्नास सेकंद."

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या रुग्णालयाला हे तुम्ही सांगाल?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या दिवशी बाईंनी राजीनामा आपण होऊन मागे घेतला.

भावाची बदली झाली तेव्हा त्याने आईला बाईंच्या दोन खोल्यांच्या घरात आणून सोडलं. तेव्हापासून बाई घरूनच काम करतात. आई एकदा दोन रस्ते चालत गेली होती, म्हणून आता दाराला वर, हात पोचणार नाही अशी कडी आहे.

दर मंगळवारी मी तिथे जाते. या वेळी शिकणारी मीच आहे. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "बाई, मी कुठेही जाणार नाही, तुम्ही निश्चिंत शिकवा."

"असं वचन देऊ नये गं," त्या म्हणाल्या. "मीही एकदा आईला दिलं होतं."

मला अजून निम्मंसुद्धा कळलेलं नाही. परवा आम्ही आकृती काढत बसलो होतो, तर आई उठून दाराशी गेली आणि कडीकडे बघत म्हणाली, "उघडा हो बाई, मला घरी जायचंय."

"हो, जाऊ या," बाई म्हणाल्या. "एवढं होऊ दे." त्यांनी आईला हाताला धरून आमच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, आणि आम्ही पुढची ओळ वाचायला घेतली.