पारुबाईनं न वेचलेली फुलं

नवापूरच्या डोंगरकडेच्या त्या पाड्यावर पारुबाईच्या महूच्या, म्हणजे मोहाच्या फुलांच्या, लाडवांचं मोठं नाव होतं. वाळलेली फुलं भाजायची, तीळ घालून उखळात कुटायची, गरम असतानाच वळायची. दारूही याच फुलांची गाळतात, तरी लाडवांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. पण गेल्या ईस्टरला पाड्यावरच्या ख्रिस्ती मंडळीच्या जेवणात तिनं हेच लाडू वाटले आणि तिथंच घोळ झाला.

तिचा पुतण्या लोटन तेव्हा नुकताच बाप्तिस्मा घेतलेला. दारूपायी रुसून माहेरी गेलेली त्याची बायको धनुबाई त्यानं दारू सोडली, तेवढ्यावरच परत आली होती. लोटन इतका धास्तावलेला, की महूच्या झाडाखालून जायचंही टाळायचा. पण लाडू काकीनं दिला होता. काकी म्हणजे पाड्यावरची पहिली विश्वासी बाई, प्रार्थनेला सगळ्यांच्या पुढं बसणारी. ती खाते म्हणजे चालत असेल, असं म्हणून त्यानं खाल्ला. जुनी तलफ उठली आणि संध्याकाळी गडी दारूच्या भट्टीवर सापडला. धनुबाईनं पुन्हा गाठोडं बांधलं. पारुबाईनं तिच्या पाया पडून तिला थांबवलं.

तेव्हापासून पारुबाईचं डोकं चालेना. मंडळीत ज्याला अडखळण म्हणतात, म्हणजे दुसऱ्याला पापात पाडणारी गोष्ट, ती वाटेत दगड ठेवल्यासारखी असते, एवढं तिला समजत होतं. पण लाडवाचा दगड कसा झाला? धानोऱ्याकडच्या पास्टरला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "फूल खावामा कसानं पाप, मावशी? देवनीच देयेल वस्तू शे." सून रिबेका तर वैतागलीच. "उद्या कुणी भाकर खाऊन भांडला, तर भाकरही बंद करायची का, आई?"

दोघांचंही पटायचं, आणि रात्री पटेनासं व्हायचं. कधी तिला लोटनचाच राग यायचा. एवढा मोठा बाप्या, एका लाडवानं घसरतो म्हणजे काय? मग त्या रागाचीच लाज वाटायची. हल्ली ती प्रार्थनेला मागं, दाराजवळ बसायची.

यंदा बांधावरचं झाड फुललं, खाली सडा पडला, पण पारुबाई टोपली घेऊन गेलीच नाही. गुरं फुलं खाऊन गेली. लोटनसाठी एवढं तरी करावं, असं तिनं ठरवलं होतं. बरोबर केलं की चूक, ते मात्र कळत नव्हतं.

एका सकाळी लोटनच दारात उभा राहिला. हातात फुलांनी भरलेली टोपली, अंगापासून लांब धरलेली. ती त्यानं ओट्यावर ठेवली.

"तू का वेचलीस?" पारुबाई घाबरलीच.

"तू वेचत नाहीस म्हणून. अख्खा पाडा म्हणतो, लोटनमुळं काकीनं फुलं सोडली. म्हणजे मी अजून दारुड्याच ना?"

"तुझ्या भल्यासाठीच सोडली रे."

"पास्टरला विचारलंस, रिबेकाला विचारलंस. मला कधी विचारलंस, काकी?"

पारुबाई ओट्यावर टोपलीजवळ बसली. खरंच, हे तिला सुचलंच नव्हतं. वर्षभर ती ज्याच्यासाठी झुरली, तो चार घरं पलीकडं राहत होता.

"मग आता विचारते," ती हळूच म्हणाली. "करू का लाडू?"

लोटन टोपलीकडे बघत राहिला. त्यालाही नीटसं कळत नसावं. शेवटी त्यानं मान हलवली.

"यंदा नको. पुढच्या साली परत विचार."

"विचारीन," पारुबाई म्हणाली, आणि टोपली उचलून गुरांच्या गोठ्याकडे गेली.