करंड्याचं पॅकिंग

आमच्या आत्यानं आयुष्यात रस्त्यावर कुणाला वाट दिली नाही. एकदाच दिली, तीही दोन बैलांना. समोरून ट्रक येवो, एसटी येवो, नाहीतर लष्करी गाड्यांची रांग येवो, तिची जुनी विलायती मोटार डांबराच्या मधूनच चालायची. शेजारी बसलेला मी डोळे मिटून घ्यायचो. ती म्हणायची, "डोळे उघड. वाट देणाऱ्याला शेवटी गटार मिळतं."

सत्तर सालानंतरच्या त्या कोरड्या वर्षांत नगरमध्ये मोटार चालवणारी बाई हेच नवल होतं, त्यातून आत्या विधवा. कॅम्पातला एक गोरा साहेब मायदेशी परतताना आतोबांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, ती मोटार घेतली होती. कापडी टप मागं पाडला की मोटार वरून उघडी व्हायची, त्यामुळे लग्नाच्या मिरवणुकांना तिला मागणी फार. आतोबा गेले तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की मोटार विकली जाणार आणि आत्या आमच्या घरी येऊन राहणार. आत्यानं वर्षश्राद्धाच्या आत मोटार शिकून घेतली. वडील संतापले. ती म्हणाली, "दादा, तुझ्या स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यापेक्षा ही सीट मऊ आहे."

मिरवणुकीत नवरदेवाची गाडी ती स्वतः हाकायची. नगरातले लोक कुजबुजायचे, पण उघडी गाडी दुसरी नव्हती, म्हणून कुजबुजीवरच भागायचं. मी तेव्हा बी.कॉम. होऊन रिकामा होतो, तिच्याबरोबर फिरायचो, खायचो तिच्याकडे. आणि तरीही मनातून वडिलांच्या बाजूचा होतो. लोक काय म्हणतील याची मला तिच्यापेक्षा जास्त लाज वाटायची. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा तिला हे लिहून कळवायची गरज नव्हती. तिला दिसत होतं.

राहुरीच्या रस्त्यावर एका संध्याकाळी उसाची बैलगाडी समोरून आली. गाडीवान मोळ्यांवर झोपलेला, बैल आपल्या समजुतीनं निघालेले. आत्यानं मोटार खाली उतरवली ती थेट बाभळीवर. बैल वाचले, बाभूळ वाचली, मोटारीचं नाक गेलं. डावं मडगार्ड चिपाडासारखं झालं, पुढची जाळी आत घुसली, बॉनेट मधून उचललं गेलं. कपाळातून रक्त येत असताना आत्या गाडीवानाला म्हणाली, "तुला नाही हो दिली वाट. बैलांना दिली."

आतोबांमागं मोटारीचे कागद वडिलांच्या नावावर झाले होते. त्यांनी सरळ सांगितलं, "पुणतांब्याच्या लग्नाची सुपारी तू घेतली आहेस. तोवर उभी राहिली तर ठीक. नाही राहिली, तर मोटार भंगारात आणि तू आमच्याकडे." आमच्याकडे म्हणजे कुठल्या खोलीत, हेही आईनं ठरवून ठेवलं होतं. कोठीची खोली. खिडकी नव्हती तिला.

गफूरभाईंचं गॅरेज माळीवाड्याजवळ होतं. त्यांनी कॅम्पामागच्या भंगारातून त्याच जातीच्या मोटारीचं नाक शोधून आणलं: दोन्ही मडगार्ड, जाळी, बॉनेट, सगळं लष्करी हिरव्या रंगाचं. आम्हाला वाटलं, एकाच साच्यातले भाग आहेत, बोल्ट लावले की झालं. तसं होत नाही. मोटार म्हातारी झाली की आपापल्या परीनं बसते. एकीचं नाक दुसरीला लावलं तर कुठं बोट जाईल एवढी फट पडते आणि कुठं पत्र्याला पत्रा घासतो.

"हातोडी मारतो, पुट्टी भरतो," गफूरभाई म्हणाले. "रंग चढल्यावर कोन देखता है?"

"मी."

"बाईसाब, अंग्रेज चला गया. अब तुम भी छोडो ना."

"तो गेला. मी इथंच आहे. पाना द्या."

मग ती दोघं भांडत भांडत कामाला लागली. आत्याचा एक नियम होता: दारापासून पुढं यायचं, नाकापासून मागं जायचं नाही. दार हललेलं नव्हतं, म्हणून तेच खरं मानायचं. मडगार्ड आधी दाराशी जुळवायचं, मग पुढची चौकट, मग जाळी, बॉनेट सगळ्यांत शेवटी. आणि सगळे बोल्ट हातानं फिरतील इतके सैलच ठेवायचे. मी घाई करून एक बोल्ट पक्का आवळला, की बाकीचे भोकात जायला तयार नसायचे. ती पाना माझ्या हातातून काढून घ्यायची. "एक आधी आवळलास की बाकीच्यांना त्याच्या मागं वाकडं जावं लागतं. सोड तो."

फट मोजायला तिच्याकडे पाटीवरची पेन्सिल होती. ती फटीतून वरपासून खालपर्यंत सरकवायची. जिथं अडेल तिथं त्याच पेन्सिलीनं पत्र्यावर खूण. गफूरभाई म्हणायचे, "फट तो रहेगी, बाईसाब." ती म्हणायची, "राहू दे की. फटीशी माझं भांडण नाही. दोन्हीकडं सारखी पाहिजे."

शेवटी सगळं अडलं ते डाव्या बाजूला. पुढची चौकट चासीवर, म्हणजे मोटारीच्या खालच्या सांगाड्यावर, जिथं बसते तिथं डावीकडं ती जरा खाली होती, म्हणून मडगार्डची फट दाराशी वर उघडी आणि खाली मिटलेली. लोखंडी वायसर, म्हणजे जाड चकती, घातला की चौकट जास्त उचलली जायची आणि वरची फट पार मिटायची. वायसर काढला की पुन्हा पहिल्यासारखं. वायसरपेक्षा पातळ पॅकिंग हवं होतं. डालड्याच्या डब्याचा पत्रा घातला, तो एका फेरीत चेपला. गफूरभाईंनी हात झटकले. "पितळ चाहिये. इतना पतला पितळ किधर मिलेगा?"

आत्या रिक्षा करून घरी गेली आणि येताना पदराखाली कुंकवाचा करंडा घेऊन आली. लग्नात तिला माहेरहून, आमच्याच घरून दिलेला. कडेला वेलबुट्टी होती, आत अजून लाल. आतोबा गेल्यापासून तो फडताळात पालथा होता.

गफूरभाई मागं सरले. "ये मैं नहीं काटूंगा."

मी म्हणालो, "आत्या, असं करू नये."

"का करू नये? मला लावता येत नाही, टाकताही येत नाही. मग हा आहे कशाला? कपाळाला चालत नाही ना, गाडीला चालेल." तिनं पत्र्याची कात्री घेतली आणि स्वतः कापला. घोड्याच्या नालासारखे तुकडे केले, म्हणजे बोल्ट पूर्ण न काढता खाली सरकवता येतात. एक घातला, पेन्सिल फिरवली. आणखी एक घातला. पेन्सिल वरून खाली गेली, कुठं न अडता. मग उजवीकडं फिरवली. तशीच. तेव्हा कुठं तिनं बोल्ट आवळायला घेतले, सगळे थोडे थोडे, आळीपाळीनं. तिच्या बोटांना कुंकू लागलं होतं. ते तिनं पुसलं नाही, तसाच चहा घेतला.

रंगाला वेळ उरला नव्हता. पुणतांब्याला आम्ही गेलो ते पिवळट मोटारीला हिरवं नाक घेऊन. पोरं ओरडली, "पोपट आला, पोपट!" आत्यानं त्यांना हॉर्न वाजवून दाखवला.

त्या भागात नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून वाजतगाजत मांडवात नेतात, त्याला परण्या म्हणतात. नवरदेव मुंडावळ्या सावरत मागच्या सीटवर बसला, बँडवाल्यांनी पिपाण्या तोंडाला लावल्या, आणि नवरदेवाचे चुलते मोटारीसमोर येऊन उभे राहिले.

"बाई, तुमी खाली उतरा. ह्ये तुमच्या शेजारचं पोरगं हाकंल गाडी. राग मानू नका, पर सुभकार्य हाय."

"का? मी हाकली तर काय होतं?"

"तुमाला ठावं हाय की."

"मला ठाऊक आहे. तुमच्या तोंडून ऐकू द्या. सगळ्यांना ऐकू द्या."

चुलते बँडवाल्यांकडं बघायला लागले. माणसं जमली होती, बायका पदर तोंडाशी धरून होत्या. आणि तेव्हा मी ते केलं. खाली उतरलो, तिच्या बाजूला गेलो, आणि किल्लीसाठी हात पुढं केला. "आत्या, मांडवापर्यंतच. मी नेतो."

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. रागानं नव्हे, पेन्सिल अडल्यावर पत्र्याकडं पाहायची, तसं. मग ती उतरली. चुलत्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आत्यानं सीटखालचा पाना काढला, पुढं गेली आणि बॉनेट उघडलं.

"आता काय करता बाई?"

"या मोटारीचं तोंड माझ्या कुंकवाच्या करंड्यावर बसलंय. कापून घातलाय मी. मी नको तर तोही नको. तेवढा काढून घेते, मग न्या."

तिनं खरंच पाना बोल्टाला लावला. बँडवाल्यानं पिपाणी खाली घेतली. तेवढ्यात मागून नवरदेव ओरडला, "तात्या, मुहूर्त टळंल! तुमाला लईच वाटत आसंल तर तुमी घोडं करा. मी हितून उठत न्हाई! आत्याबाई, बसा तुमी, चला!"

हसू फुटलं. बँड वाजायला लागला, बहुधा चुलत्यांचं पुढचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. आत्या बसली. किल्ली तिनं माझ्याकडं न पाहता फिरवली, आणि मोटार गावाच्या मधूनच मांडवापर्यंत गेली, कुणाला वाट न देता.

परतताना कोल्हार सोडल्यावर ती म्हणाली, "तू वाईट नाहीस. घाईत एक बोल्ट आधी आवळतोस, एवढंच." पुढं कधी तिनं तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून किल्ली कमरेला खोचलेली असायची. ती असेपर्यंत ती किल्ली मागायची हिंमत मला झाली नाही. कोठीच्या खोलीत आईनं पुढं कांदे ठेवले.

आत्या गेल्यावर मोटार माझ्याकडे आली. रंग दिला नाही; नाक अजून हिरवं आहे. मी चौकट कधी उघडू दिली नाही. गॅरेजचा नवा पोरगा म्हणतो, काका, खाली पितळ कसलं घातलंय, रबर टाकू. मी नको म्हणतो.

गेल्या वर्षी माझी बायको वारली. माझ्या कपाळावरून कुणी काही पुसलं नाही. सहा महिन्यांत शेजाऱ्यांच्या मुलाचं लग्न निघालं, आणि त्यांनी नवरदेवासाठी मोटार मागितली, मीच हाकावी असा आग्रह धरला. देवळापुढं नवरदेव बसला, बँड लागला, मुलाचे वडील, काका, मामा सगळे कौतुकानं उभे होते. मी दार धरून उभा राहिलो आणि मोठ्यानं विचारलं, "माझी बायको गेली आहे, ठाऊक आहे ना? मी हाकली तर चालेल?"

बँड थोडा अडखळला. सगळे एकमेकांकडं पाहायला लागले.

"काहीतरीच काय काका," मुलाचे वडील हसून म्हणाले. "तुम्हाला काय झालंय? बसा की."

बसलो. समोर बॉनेटच्या कडेला फट होती. डावीकडं जेवढी, तेवढीच उजवीकडं.