सायकलवरून पडलेल्या मुली

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. भोपाळमध्ये कोलार रोडच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एका दुपारी एक शिक्षिका आल्या. मूळच्या इंदूरच्या मराठी, माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं मराठी आडनाव वाचून सरळ मराठीतच बोलायला लागल्या.

"सर, माझ्या वर्गात सात वर्षांची मुलगी आहे. चार दिवस झाले, बाथरूमला जायचं म्हटलं की रडते. पाणीच पीत नाही. विचारलं तर म्हणाली, दादी क्लिनिकमध्ये घेऊन गेली, तिथे खाली कापलं. छोटी बहीण पाच वर्षांची आहे, सातवं लागलं की तिचाही नंबर. निदान तिला तरी वाचवा."

मुलींची सुंता करण्याची ही प्रथा कोणत्या समाजातली, ते लिहिणार नाही. लिहिलं की लोक त्या समाजाला शिव्या घालून मोकळे होतात आणि मुलगी राहते बाजूलाच.

क्लिनिक शाहपुऱ्यात होतं, स्वच्छ, भिंतीवर कार्टूनची चित्रं. डॉक्टर बाईंनी रजिस्टर पुढे केलं. 'सायकलवरून पडली, किरकोळ टाके.' मी सवयीने मागची पानं उलटली. अकरा मुली. सगळ्या सहा-सात वर्षांच्या, सगळ्या सायकलवरून पडलेल्या. मुलगा एकही नाही. "भोपाळमधले मुलगे सायकल चालवत नाहीत का हो?" असं विचारल्यावर बाईंचा चेहरा उतरला.

डॉक्टर बाईंना ठाण्यात आणलं. आधी त्या सायकलचंच सांगत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "मैं नहीं करूँगी तो कोई बुढ़िया ब्लेड से करेगी. मैं तो सुन्न करके करती हूँ, साफ हाथों से. ज़रा-सा ही तो है."

"कोणत्या आजारावरचा उपचार आहे हा?" मी विचारलं. बाई वाईट नव्हत्या, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. त्यामुळे मुलीच्या वैद्यकीय तपासणीवर सगळं अवलंबून होतं. तिच्या आईने संमतीपत्रावर सही केली. "मेरा भी हुआ था," एवढंच ती म्हणाली. सासूच्या देखत सही करणं तिला किती जड गेलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि इथे मी चुकलो. जखम ताजी आहे तोवर पुरावा गोळा करा, ही तीस वर्षांची सवय. त्याच संध्याकाळी मुलीला सरकारी दवाखान्यात पाठवलं. महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, साध्या कपड्यांत, आई सोबत, सगळं नियमाप्रमाणे. फक्त तिथे काय होणार आहे, हे त्या पोरीला कोणी समजावून सांगितलं नाही. मलाही ते सुचलं नाही.

आत क्लिनिकमधल्यासारखंच टेबल, तसेच हातमोजे. पोरीने आरक्षकाचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "दीदी, मेरा तो हो चुका है."

मग किंचाळायला लागली. तिथल्या डॉक्टरांनी जबरदस्ती करायला नकार दिला, ते योग्यच होतं. पुढच्या आठवड्यात जबाबासाठी बोलावलं, तेव्हा तिने पाठ केल्यासारखं एकच वाक्य सांगितलं, "साइकिल से गिरी थी." आईनेही मान खाली घालून तेच सांगितलं. रजिस्टरमधल्या बाकी मुलींच्या घरच्यांनीही सायकलचंच सांगितलं. प्रकरण बंद करण्याचा अहवाल मी माझ्याच हाताने लिहिला.

कापणारीने स्वच्छ हाताने कापलं, मी नियमाने तपासायला पाठवलं. त्या पोरीला दोघांत फरक दिसला नाही. या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं, आणि तेही उशिरा.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी शिक्षिकेचा फोन आला. धाकटीच्या रजेचा अर्ज आला होता. सायकलवरून पडली म्हणून आठ दिवस.

"सर, तिच्याकडे सायकलच नाहीये," बाई म्हणाल्या. "ठाण्यात जाऊ का? पण तिला पुन्हा त्या टेबलावर नेणार असतील तर नाही जात."

जा, असं मला म्हणवलं नाही.