दोष रक्ताचा नव्हता

हेडमास्तरांनी आईला केबिनच्या दारातच थांबवलं. "पाटी बाहेर. तूही बाहेरच. मासळीचा वास येतो."

आई पाचूबंदरहून मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघाली होती. निरोप मिळाला तशी धावत आली होती. ती उन्हात उभी राहिली.

आत आम्ही दोघं, मी आणि माझ्या वर्गातला एक मुलगा. नववीतले. शाळेमागे सिगारेटच्या चांदीवर गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढताना पकडलेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पुडी त्याची. बाप बिल्डर, उमेळ्यातल्या वाड्या घेऊन इमारती उठवणारा. त्याला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. "बाळ, संगत वाईट लागली तुला." मग सर माझ्याकडे वळले. "कोळ्यांची पोरं! नशा तुमच्या रक्तातच. तुमच्या मेंदूत शिक्षण शिरणार कसं?"

बाहेरून आई म्हणाली, "सर, पाया परते तुमच्या. पन शालेतून कारू नका त्याला."

मला काढलंच. बिल्डरच्या पोराला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. तो आजारी ठरला. मी बिघडलेला.

मी बापाच्या बोटीवर गेलो. गर्द सुटेना. घरात चोऱ्या केल्या, आईवर हात उगारला. शेवटी आमच्या चर्चच्या फादरनी एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, तेव्हा व्यसन सुटलं. तिथला डॉक्टर म्हणाला, या वयात मेंदू कच्चा असतो. त्यावर गर्दाचा मारा झाला की लक्षात ठेवणं, स्वतःला आवरणं, दोन्ही मोडतं. सगळं परत येईलच असं नाही. कोळ्याचा मेंदू वेगळा असतो, असं काही तो म्हणाला नाही.

आमच्याकडे जाळं लावायचे खुंट समुद्राच्या तळात ठोकलेले असतात. ते सापडतात किनाऱ्यावरच्या खुणांवरून. चर्चचा मनोरा अमुक माडांवर आला आणि त्याच वेळी किल्ल्याचा बुरूज डोंगराच्या टोकाला लागला, की खाली आपला खुंट. लहानपणी बापाच्या साऱ्या खुणा मला तोंडपाठ होत्या. आता एक धरली की दुसरी सुटायची.

एकदा बाप तापाने पडला. सुकाणू माझ्याकडे आलं. मी भलत्याच खुंटावर गेलो आणि दुसऱ्याचं जाळं मासळीसकट उचललं. आमच्यात याहून मोठी चोरी नाही.

गावाची बैठक बसली. बाप हात जोडून म्हणाला, "पोर पियाला होता." दारू म्हटलं की गाव सांभाळून घेतं. म्हातारा पंच हसला. "कोल्याचा रगत हाय. चालायचाच."

सगळे हसले. माझा बापसुद्धा. तळपायाची आग मस्तकात गेली. सर बोलले तेच आता आमची माणसं बोलत होती, आणि वर हसत होती.

मी उठलो. "मी पियालो नव्हतो. शालेत गर्द ओढायचो. आता डोक्यात खुना ऱ्हात नाय. रगताचा नाव घेऊ नका."

हसणं थांबलं. बापाने मान खाली घातली. त्यानंतर सुकाणू कधी माझ्या हाती आलं नाही, आणि ते बरोबरच आहे. मी जाळं ओढतो. क्षुल्लक गोष्टीवरून भांडतो. लग्न जमलं नाही. खुणा परत येणार नाहीत, मी त्यांची वाटही बघत नाही.

पण बंदरावरचं एखादं पोर नशा करताना पकडलं गेल्याचं कळलं की मी शाळेत जातो. न बोलावता. पोर आजारी आहे, डॉक्टरकडे न्या, एवढंच सांगतो. त्याला जो कोणी रक्तावरून बोलेल, त्याला मी सोडणार नाही. मग तो सर असो, पंच असो, नाहीतर माझा बाप असो.