डावीकडे ठेवलेलं पुस्तक

"गुरुजी, आजी गेली. चार दिवस झाले," रोशनी फोनवर म्हणाली. चार दिवस मला कोणी कळवलं नव्हतं, आणि आवर्जून कळवावं असं मी काही केलंही नव्हतं.

तिची आजी, सायत्राबाई, तुमसरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी मँगनीजच्या खाणीवर तीस वर्षं दगड निवडत होत्या. हातोडीनं फोडायचा, तळहातावर तोलायचा. जड तो उजवीकडे, हलका, म्हणजे टाकाऊ, डावीकडे. ती सवय घरीही सुटली नाही. बाजारातली वांगी असोत की शेजारणीचं तान्हं, आधी तोलून बघणार!

गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा उरलेल्या भंडाऱ्याचा नवा भूगोल लिहायची टूम निघाली. डोंगररांगेचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळेत भूगोल शिकवायचो. मला ती रांग नकाशातली एक तपकिरी रेघ म्हणूनच ठाऊक होती. सायत्राबाईंनी आठवडाभर उन्हातान्हात मला त्या रेघेवरून चालवलं. गोऱ्या साहेबाच्या काळातला पहिला चर कुठला, कोणत्या खड्ड्याचं आता तळं झालं, कुठे खाली भुयार आहे म्हणून पाय ठेवायचा नाही... सगळं त्यांनी दाखवलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "पुस्तकात माहं नाव टाकजा गुरुजी. तीस वर्सं हजेरीले नुसता अंगठाच देल्ला मी."

पुस्तक निघालं. आभारात शिक्षण खात्याचे साहेब आले, संस्थाचालक आले, छापखानासुद्धा आला. सायत्राबाईंच्या वाट्याला 'स्थानिक माहितीनुसार' एवढंच. नजरचुकीनं राहिलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. साफ खोटं. दगड निवडणाऱ्या बाईचं नाव आधार म्हणून शोभणार नाही, असं मला वाटलं होतं. लाज वाटते आज लिहिताना.

प्रत द्यायला गेलो, तर त्यांनी शाळकरी रोशनीकडून पान न् पान वाचून घेतलं. मग पुस्तक तळहातावर धरलं.

"यात मी कुठी हाव?"

"दुसऱ्या आवृत्तीत नक्की टाकतो."

त्यांनी पुस्तक डावीकडे, भिंतीशी ठेवलं. दुसरी आवृत्ती कसली निघते! मीही पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

परवा गेलो. त्यांची खाट उचलली होती, पण पुस्तक तिथेच होतं. "आजीनं कोनाले हात लावू नाही देल्ला," रोशनी म्हणाली. मी खाली बसलो, पेन काढलं आणि आभाराच्या पानावर, साहेबांच्या वर, नाव लिहू लागलो.

"आता कायले, गुरुजी?"

'सायत्राबाई' लिहून हात थांबला. पुढे आडनाव काय, ते रोशनीलाच विचारावं लागलं.