मेश्रामकाकांची तपासणी

मेश्रामकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा होईपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार वीस वेळा उघडलं आणि मिटलं. मी कपबशा घेऊन बघत उभी. विसाव्या वेळी दार किंचित कुरकुरलं, तसे ते म्हणाले, "फेल. बिजागरी ढिली होऊन राहिली. स्क्रूड्रायव्हर आहे का घरात?" ओळख होऊन दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये आम्ही नवे, घर भाड्याचं, आणि हे पलीकडच्या गल्लीतले सत्तरीचे गृहस्थ ओट्याखाली आडवे पडून घरमालकाची कपाटं दुरुस्त करत होते.

काका मूळचे नागपूरच्या इंदोऱ्याचे. इथे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. रिटायर झाले तरी तपासणी काही सुटली नव्हती. छत्री, कुकर, दुकानातली खुर्ची, कोणाचाही जावई, सगळ्यांचे निकाल दोनच. "दोनशेत एक फेल म्हणजे फेल," असं ते ठणकावून सांगायचे. आणि दुसरं, "नशिबानं चाललं, तर ते चाललं असं लिहायचं नसते."

माझी नऊ वर्षांची रेवा सोमवार ते गुरुवार शाळेतून थेट त्यांच्याकडे जायची. काका गणित घ्यायचे, कुंदाकाकू पोहे द्यायच्या. आम्हा नवराबायकोचं ऑफिस सुटेपर्यंत रेवाचं घर तेच. गॅरेजचा कोड काकांनी आम्हा तिघांनाही पाठ करायला लावला होता. "बेल वाजवायची नाही. बेल पाहुण्यांसाठी असते," हा त्यांचा हुकूम. परक्या देशात असं आपल्यासारखं शिरता येणारं एक घर मिळालं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडायची.

मग त्यांच्या गल्लीत भर दुपारी दोन घरफोड्या झाल्या. दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याला चोरांनी ढकललं आणि त्याचं कंबरेचं हाड मोडलं. काका त्याला हॉस्पिटलमध्ये बघून आले. आठवड्याने म्हणाले, "मला पळता येत नाही, कुंदाला ओरडता येत नाही. काहीतरी पाहिजे न बापा."

ते काहीतरी म्हणजे पिस्तूल. दिवाणखान्यात बुद्धाची शांत मूर्ती, रोज सकाळी त्रिशरण-पंचशील, आणि हे काय भलतंच? काकू तर दोन दिवस बोलल्या नाहीत. काकांनी मात्र रीतसर अर्ज केला, बंदूक बाळगायचं सरकारी कार्ड आलं, आणि तोवर दोन महिने त्यांनी स्वस्त पिस्तुलांबद्दल लोकांनी इंटरनेटवर लिहिलेलं वाचून काढलं. मला फोनवर वाचून दाखवायचे. "हा टेक्सासचा माणूस म्हणतो, हजार गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही. त्याच्याच खाली एक बाई म्हणते, तिसऱ्याच गोळीला अडकलं. कोणाचं खरं मानू? किमतीच्या मानानं चांगलं आहे असं सारेच म्हणून राहिले. किमतीच्या मानानं म्हणजे काय? पंप फुटला तर पाणी किंमत पाहून थांबते का?"

आणि एवढं सगळं म्हणून घेतलं ते स्वस्तातलंच. त्यांच्या मोबाइलपेक्षा कमी किमतीचं.

काकूंच्या आग्रहावरून एकदा मी त्यांच्याबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेले. कानावर ते जाड हेडफोन चढवूनही प्रत्येक बाराला माझं काळीज हलत होतं. काका शांत. झाडायचे, थांबायचे, वहीत खूण करायचे. मध्येच एकदा नुसताच 'टक्' आवाज झाला. गोळी सुटली नाही. काका जागचे हलले नाहीत, पिस्तूल समोर धरून पुटपुटत आकडे मोजू लागले. तीस झाल्यावर गोळी बाहेर काढून मला दाखवली. "कधी कधी गोळी उशिरा उडते, म्हणून नळी फिरवायची नाही आणि तीसपर्यंत मोजायचं. हे पाहा, बुडावर पिनचा ठोका हलका पडला." चेहऱ्यावर केवढं समाधान! शेजारच्या रांगेतल्या गोऱ्या आजोबांनी विचारलं, तसं काकांनी अभिमानाने सांगितलं, "थ्री हंड्रेड राउंड्स, फोर फेल्युअर्स." आजोबा म्हणाले, त्या किमतीत वाईट नाही. काका मला मराठीत म्हणाले, "फेल आहे."

कंपनीची आयुष्यभराची हमी होती, पाठवलं तर फुकट दुरुस्त होणार होतं. पण त्याच सुमारास काकू भाचीच्या लग्नाला नागपूरला गेल्या आणि काका घरात एकटे राहिले. पिस्तूल पाठवायचं ते पुढे ढकलू लागले. "नसल्यापेक्षा बरं आहे," एवढंच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने नापास माल घरात ठेवून घेतला, तोही भीतीपोटी. मला ते खटकलं होतं. पण पिस्तूल कुलपाच्या पेटीत असतं, पेटी बोटाच्या ठशाशिवाय उघडत नाही, हे मी स्वतः पाहिलं होतं. म्हणून रेवाला पाठवत राहिले. आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

जानेवारीतला शनिवार होता, दुपारचे अडीच. बाहेर बर्फ भुरभुरत होता. काकांसाठी वरण आणि भरली वांगी घेऊन मी निघाले. दारात गाडी दिसली नाही, वाटलं लायब्ररीत गेले असतील. डबा फ्रीजमध्ये ठेवू आणि येऊ. गाडी गॅरेजवाल्याकडे दुरुस्तीला आहे आणि काका ऐकू यायची कानातली यंत्रं काढून आत झोपलेत, हे मला कुठून कळणार? कोड दाबला, आत शिरले. जाकिटाची टोपी डोक्यावर तशीच, तोंडाला मफलर. काळोख्या पॅसेजमध्ये बूट काढताना तोल गेला आणि मी काकांच्या खोलीच्या भिंतीवर अशी आदळले की ती हादरली.

मान वर केली तर समोर काका. बनियन, लेंगा, दोन्ही हात पुढे, आणि हातात ते.

"काका, मी!" असं मी ओरडले असेन. मला आठवत नाही. त्यांना ऐकू गेलं नाही.

टक्.

तो आवाज मला ओळखीचा होता. डबा कधी पडला कळलं नाही. मी मफलर ओढला. काकांनी मला ओळखलं, आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. पण हात हलला तो एकाच दिशेने. नळी माझ्यावरून काढून त्यांनी शेकोटीच्या विटांच्या भिंतीकडे वळवली, तिथेच घट्ट धरून ठेवली.

"हलू नको पोरी. एक. दोन. तीन."

ते तीस आकडे मी उभ्या जन्मात विसरणार नाही. काका रडत मोजत होते. सोळानंतर चुकले, पुन्हा सोळा म्हणाले. माझ्या पायावरून गरम वरण वाहत होतं, ते भाजतंय हेसुद्धा नंतर कळलं. मला मरणाची भीती वाटत होती, पण डोक्यात माझा विचार नव्हता. आठवड्यातले चार दिवस याच दारातून, याच पॅसेजमध्ये, दप्तर आपटत रेवा येत होती.

तीस झाल्यावर त्यांनी गोळ्या काढल्या आणि पिस्तूल जमिनीवर ठेवलं. काकू नागपूरला गेल्यापासून दुपारी झोपताना ते पेटीतून काढून उशाशी ठेवत होते, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मी तशीच घरी आले. दार लावून, साखळी लावून, बाथरूममध्ये बसून राहिले.

सोमवारपासून रेवाला पाठवणं बंद केलं. तिला सांगितलं, काकांना बरं नाही. "बट ही सेज ही इज फाइन, आई! मी फोन केला होता," ती म्हणाली. मी तिच्यावर विनाकारण खेकसले. नवऱ्याला खरं सांगितलं, तो पांढराफटक पडला. पोलिसांना कळवायचं का, यावर आमची भांडणं झाली. कळवलं नाही. महिनाभर मला कुठेही 'टक्' ऐकू आलं, पेनाचं, स्विचचं, तरी घाम फुटायचा.

फेब्रुवारीअखेर, काकू नागपूरहून परतल्यावर, काका आले. बेल वाजवून आले. आत या म्हटलं तरी पायरीवरच उभे राहिले. त्यांनी पिस्तूल दुकानामार्फत कंपनीकडे पाठवलं होतं, दुरुस्त होऊन परत आलं होतं, आणि त्यांनी ते रेंजवर तपासलं होतं. मला संताप आवरेना. "अजून ठेवलंय तुम्ही घरात?"

"ठेवाले नाही तपासलं. पाहाले तपासलं," काका म्हणाले. "दोनशे गोळ्या. एकही फेल नाही. मंग मी तिथंच बसलो. तुझ्यावर मी चाप दाबला न, तो बरोबर दाबला होता. माझ्याकडून काहीच कसर नव्हती. त्या पिस्तुलाचा मी एवढा हिशेब ठेवला, पण ते धरणारा माणूस कसा आहे, हे मी पाहिलंच नाही."

पिस्तूल पोलिसांकडे द्यायला मीच काकांना गाडीने नेलं. आधी फोन केला होता, त्यांनी सांगितल्याप्रमाणे ते डिकीत कुलूपबंद होतं. एक तरुण अधिकारी स्टेशनबाहेर पार्किंगमध्ये आला, फॉर्म भरला, आणि सहज विचारलं, "डझ इट वर्क?"

"येस सर," काका म्हणाले. "इट वर्क्स." आणि मटकन फुटपाथच्या कडेला बसले. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "रेवाला माझ्याकडे पाठवू नको. मी येत जाईन तुमच्या घरी. तू समोर बस."

तसंच झालं. दोन वर्षं काका आमच्या डायनिंग टेबलावर गणित घेत राहिले. मी घरूनच काम करते असं ऑफिसला कळवून समोर लॅपटॉप उघडून बसायची. मी समोरच्याच ओट्याकडे पाण्याला उठले तरी काका पेन खाली ठेवून थांबायचे, मी परत येईपर्यंत. हे बघून मला वाईट वाटायचं. आणि तरी, खरं सांगते, मी कधी उठून दुसऱ्या खोलीत गेले नाही.

गेल्या वर्षी काकांची फुप्फुसं गेली. शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी हॉस्पिटलमध्ये गेलो, तर नर्स म्हणाली एका वेळी एकच. रेवा माझ्याकडे बघू लागली. आतून काकाही माझ्याकडेच बघत होते, ऑक्सिजनच्या मास्कमागून, आणि हाताने खूण करत होते, तू ये, तू ये.

मी रेवाला आत पाठवलं. मग दार ओढून घेतलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.