मुलं बरी आहेत, आता ऐका

"मुलं बरी आहेत. आता ऐका."

शाळेतून अक्कांचा फोन आला की पहिली दोन वाक्यं हीच. मग परीक्षेचं वेळापत्रक सांगायचं असो, सहलीच्या बसची वेळ असो, नाहीतर उद्या पांढरे मोजे घालून पाठवा एवढंच असो. बसवनगुडीतल्या माझ्या मुलीच्या खासगी शाळेत पालकांना काय ते कळवायचं काम अक्कांकडे होतं. सगळ्यांना जाणारा इंग्रजी निरोपही त्या याच वाक्याने सुरू करत. पालकांच्या ग्रुपवर यावरून भरपूर विनोद चालत, आणि त्यातले बरेचसे माझे असत.

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलेलं. त्यांची मराठी घरापुरती, बाकी सगळीकडे कानडी. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली. शाळेत मराठी बोलणारं कुणीतरी भेटलं म्हणून हरखून मी पहिल्याच दिवशी खूप बोलले. अक्कांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमची मराठी फार पळते. स्वल्प हळू बोला."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कधी घाईत दिसत नाहीत आणि त्यांचं काम कधी मागे पडलेलं नसतं. परीक्षेच्या दिवसांत पेपर सुटायच्या आधी अक्का सगळ्या वर्गांतून एक फेरी मारत, मुलांचे चेहरे बघत आणि मग कळवत, "मुलं बरी आहेत. गणिताचा पेपर जड गेलाय. घरी आली की आधी जेवायला घाला, मग विचारा." एकदा एक वडील मुलाच्या टक्केवारीसाठी त्यांच्या टेबलाशी अडून बसले. अक्कांनी त्यांच्यासाठी कॉफी मागवली. "मार्क कुठे पळून जात नाहीत, सर. तुमचा मुलगा हल्ली डबा तसाच परत नेतो, ते माहीत आहे का?" गृहस्थ कॉफी तशीच टाकून मुलाला शोधायला गेले.

मग सातवीची सहल सकलेशपूरला गेली. माझी मुलगी त्यात होती. परतीच्या दिवशी दुपारी घाटात दरड कोसळल्याची बातमी आली. एक बस त्यात सापडली आहे, असंही टीव्हीवर सांगत होते. कुठली, ते कुणालाच माहीत नव्हतं. बरोबर गेलेल्या शिक्षकांचे फोन लागेनात. मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून उठून, ऑटो पकडून शाळेत पोचले तेव्हा आवार पालकांनी भरलं होतं.

पायऱ्यांवर मुख्याध्यापक अक्कांना म्हणत होते, "सगळे सुरक्षित आहेत असा निरोप टाका. एका लॉरीवाल्याने आपली बस दरडीच्या अलीकडे पाहिली आहे."

"त्याने मुलं पाहिली का?" अक्कांनी विचारलं.

"अहो, लोक घाबरलेत."

"मीही घाबरले आहे, सर. पण मला माहीत नाही ते मी लिहिणार नाही."

आणि पुढे येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, कानडीत, इंग्रजीत, आणि माझ्याकडे बघून मराठीत, "मुलांची खबर अजून आलेली नाही. मी इथेच आहे." एक जण त्यांच्या अंगावर ओरडत आले. अक्का मागे सरल्या नाहीत, उलट बोलल्या नाहीत. ओरडून झाल्यावर त्या माणसाला त्यांनी आपली खुर्ची दिली.

मला त्या वेळी त्यांचं ते नेहमीचं वाक्य हवं होतं. खोटं असतं तरी चाललं असतं, इतकं हवं होतं. आणि तरी त्यांनी ते म्हटलं नाही, म्हणूनच मी उभी राहू शकले. त्या म्हणतील तेव्हा ते खरंच असेल, एवढी एकच गोष्ट त्या आवारात पक्की होती.

अंधारून येत होतं तेव्हा अक्कांचा फोन वाजला. सहलीबरोबरच्या बाई कुठल्याशा कॉफीच्या मळ्यातून बोलत होत्या. रस्ता बंद होता, बस थांबवून सगळे तिथे उतरले होते. अक्कांनी स्पीकर चालू केला.

"सरी, ठीक आहे, मिस. आता हजेरी घ्या. मला मुलांचे आवाज ऐकू देत."

नंतर कळलं की प्रत्येक सहलीत त्या हेच करत. फोनवर हजेरी ऐकल्याशिवाय सहलीच्या निरोपात त्यांनी ते वाक्य कधीच लिहिलं नव्हतं. एकेक नाव घेतलं जाऊ लागलं, एकेक आवाज येऊ लागला, आणि आवारात एकेक माणूस खाली बसू लागलं. माझ्या मुलीने अगदी कंटाळलेल्या सुरात "प्रेझेंट, मिस" म्हटलं. शेवटचं नाव झाल्यावर अक्का आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मुलं बरी आहेत." मी सगळ्यांसमोर रडले. निरोप देण्याच्या साध्या कामात एवढं मोठेपण असू शकतं, हे मी त्याआधी कुठेच पाहिलं नव्हतं.

अक्का आता निवृत्त झाल्या. शाळेचे निरोप ॲपवर येतात, वेळेवर येतात, आणि मी ते वाचते. अक्कांची आठवण आली की मला दरडीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत परतलेली ती बस दिसते.

मुलं उतरली, ज्याची त्याने घरी नेली. माझी मुलगी स्वेटर बसमध्येच विसरली होती, म्हणून मी परत आले. बस रिकामी होती. मागच्या सीटवर अक्का बसल्या होत्या. एक स्वेटर दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला होता, आणि पाठ हलत होती. माझी चाहूल लागली तसं त्यांनी डोळे पुसले.

"हा कुणाचा तरी राहिलाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीचा का?"

तिचाच होता.

"असू द्या, अक्का," मी म्हटलं, आणि खाली उतरून, कुणी वर जाऊ नये म्हणून बसच्या दाराशी उभी राहिले.